सात काळ्या फिती

दार्सैत, मस्कत
२ डिसेंबर

मुस्तफा,

सलाम. आमच्या कंपनीतला यश परवा बहिणीच्या लग्नासाठी चिपळूणला निघालाय. दाभोळला येऊन हे पाकीट तुझ्याच हातात देईन, असं त्याने कबूल केलं आहे. त्याला चहा पाज. आत काय आहे ते त्याला माहीत नाही.

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस हे माझ्या टाळक्यात यायला चार दिवस लागले. रोज सकाळी मेसेज टाकायचो आणि स्वतःला सांगायचो, दाभोळात नेटवर्क कुठे धड असतं. पण तू ब्लॉक केलं नसतंस तरी हे मी फोनवर लिहिलं नसतं. हल्ली इथे आपली माणसं फोनवर फक्त जेवणाचे आणि सणाचे फोटो टाकतात. कुणी वाचतं की नाही देव जाणे, पण वाचतं असं धरून चाललेलं बरं. म्हणून कागद.

तुला आतल्या गोष्टी कळल्या नसतील, म्हणून माझ्या बाजूने काय झालं ते क्रमाने लिहितो. जन्म एसीचे सुटे भाग रॅकवर लावण्यात गेला, मला क्रम लागतो.

जुलैत रास अल हदच्या बाहेर समुद्रात, जहाजं ओढणारी ती टग बोट बुडाली. पाच जणांतले दोघे वाचले. तुझा रेहान आणि आणखी दोघे सापडले नाहीत. सहाव्या दिवशी शोध थांबला. पुढचे चार महिने तू मत्रहच्या सूक बाजारातलं कापडाचं दुकान सांभाळून या दारातून त्या दारात हिंडलास. टगचा मालक म्हणायचा बंदराच्या ऑफिसात जा, ऑफिसातले म्हणायचे मालकाकडे जा. सगळे गोड बोलायचे, सगळे इन्शाल्ला म्हणायचे. तुझा प्रश्न एकच होता. टग कुठे बुडाली ते ठाऊक आहे, मग पाणबुडे खाली का उतरत नाहीत?

मग दिल्लीहून मंत्री येणार असं ठरलं आणि हॉटेलच्या हॉलमध्ये आपल्या लोकांची भेट ठेवली. आपल्या मराठी मंडळाला एकशे चाळीस पास मिळाले. समितीवरच्या सात जणांनी प्रत्येकी वीस माणसांची हमी घ्यायची. बताका, म्हणजे इथल्या ओळखपत्राच्या झेरॉक्स, फोन नंबर, आणि खाली आपली सही, की हे लोक घोषणा देणार नाहीत, फलक आणणार नाहीत, निवेदन पुढे करणार नाहीत, पाहुण्यांच्या जवळ जाणार नाहीत. माझ्या विसांत मी तुझं नाव घातलं. तू सांगितलेली आणखी सहा नावंही घातली. हे विसरू नकोस. समितीवरच्या इतर सहा जणांनी तुला दारातून परत पाठवलं होतं.

आदल्या दिवशी चहाला आला होतास तेव्हा दंडाला लावायच्या काळ्या फितींचं तू मला सांगितलंस. ते माझ्याजवळच राहिलं, शपथेवर सांगतो. दारावर तुम्हा सातजणांनाच बाजूला का घेतलं, खिशातल्या फिती त्यांना नेमक्या कशा सापडल्या, हे मला कळलेलं नाही. कुणीतरी आधी सांगितलं असणार एवढं उघड आहे. मी कुणाचं नाव घेत नाही. फक्त पाहिलं ते लिहितो. तुमच्या सातांतला गजेंद्र सकाळपासून गळाठलेला होता, आणि सगळ्यांत आधी त्यालाच सोडलं.

बाकी पाचजणांनीही माफीनाम्यावर सह्या केल्या आणि घरी आले. तूही केली असतीस तर आज या पत्राची गरज पडली नसती. कागदावर ‘गोंधळ घालण्याच्या उद्देशाने आलो’ असं होतं, आणि तू म्हणालास मी गोंधळाला आलो नव्हतो, मुलाला शोधायला आलो होतो. नऊ दिवस आत काढलेस, आणि सरळ विमानात. परत प्रवेश नाही. बावीस वर्षं एका देशात काढलेल्या माणसाचं सामान मी दोन खोक्यांत भरलं. खोकी कार्गोने निघाली आहेत. तुझी चष्म्याची डबी वरच ठेवली आहे.

रागावलास तरी चालेल, पण फोन चालू कर. नसीबाभाभींना सलाम.

तुझा
कृष्णकांत


दार्सैत
९ जानेवारी

मुस्तफा,

यश परत आला. म्हणाला, तू पाकीट घेतलंस, त्याला मच्छी-भात वाढलास, आणि माझ्याबद्दल एक शब्द विचारला नाहीस. ठीक आहे.

घरी काय चाललंय ते तुला सांगतो, कारण इथे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. जयवंती माझ्याशी बोलत नाही. म्हणजे ‘जेवायला वाढलंय’ आणि ‘गॅस संपलाय’ एवढं बोलते. परवा शिवणाच्या मशीनखालचा कचरा भरताना काळ्या कापडाचा तुकडा मिळाला. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, “तुमच्या मित्राच्या फितींचं उरलेलं. मीच शिवल्या होत्या.” ब्लाउजच्या अस्तराच्या कापडातून सात फिती, प्रत्येकीला टिचबटन, एका हाताने दंडाला लावता यावी म्हणून. तू माझ्याही आधी तिच्याकडे गेला होतास. मला या घरात काहीच कळत नाही हे खरं आहे.

“तुला भीती नाही वाटली?” मी विचारलं.

“मला वाटलं, तुम्हीच सुचवलंत म्हणजे चालत असेल.”

हे तिचं मला लागलं, कारण खोटं नाही. ऑगस्टमध्ये तू आमच्याकडे बसला होतास तेव्हा अण्णांची गोष्ट मीच सांगितली होती. आमचे अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. संपाच्या वर्षी तीन दिवस दंडाला काळी फीत बांधून गेले, पाढे शिकवले, फळा पुसला आणि घरी आले. हेडमास्तरांच्या दंडालाही फीत, तपासणीला आलेल्या साहेबांच्या दंडालाही फीत. आपल्याकडे चिडल्याची ती सगळ्यांत सभ्य रीत. मी हसवायला म्हणून सांगितलं होतं. तू हसलास, आणि मग विचारलंस, फीत कुठल्या दंडाला बांधायचे?

आणि त्या शुक्रवारी चहाला येऊन म्हणालास, “कृष्णा, आपण तोंड उघडायचंच नाय. मंत्री आले की फिती लावायच्या, उभं राहायचं. बोललोच नाय तर ते बंद काय करणार?”

मला तेव्हाही ते पटलं होतं. आपली चूक तिथेच झाली. तालुक्याच्या गावी गप्प उभं राहिलं तर त्याला कुणी बोलणं म्हणत नाही. इथे सात माणसं एकदम उभी राहिली की तोंड बंद असो वा उघडं, तो जमाव. परवानगी नसलेला जमाव. बावीस-पंचवीस वर्षं इथे राहून आपल्याला एवढं कळू नये? तुला कळलं नाही ते मुलापायी. मला का कळलं नाही?

नसीबाभाभींचा जयवंतीला फोन आला होता. भाभी म्हणाल्या, मुस्तफा जेवत नाहीत, दिवसभर खाडीवर जाऊन बसतात. रुवीतल्या वकिलाने बंदी उठवायचा अर्ज केला आहे हेही कळलं. मी त्याला भेटून आलो. भला माणूस आहे. तो म्हणाला, फाइलमध्ये फक्त एवढंच लिहिलंय की गोंधळ होणार असल्याची आगाऊ माहिती मिळाली. ज्याने ती माहिती दिली त्याने स्वतः लिहून दिलं पाहिजे की आपण प्रत्यक्षात काय ऐकलं होतं. घोषणा नाहीत, पुढे जाणं नाही, नुसतं उभं राहणं. तो कागद लागला तर आशा आहे, मुलाच्या शोधासाठी तरी थोड्या दिवसांचा प्रवेश मिळू शकतो. नाहीतर खलास.

तो माणूस कोण, हे शोधायला हवं. मी प्रयत्नात आहे.

मनाली अकरावीत आहे आता. मी हे लिहीत असताना मागे येऊन उभी राहिली. “बाबा, कुणाला लिहितो तुम्ही? Who writes on paper?” तिला म्हटलं, मुस्तफाकाकांना. ती म्हणाली, “काकांनी काय केला होता exactly? He didn’t even say anything.” तिचं मराठी ऐकून तू तिला नेहमी चिडवायचास. मी तिला अभ्यासाला बसवलं.

कृष्णकांत


दार्सैत
२१ फेब्रुवारी

मुस्तफा,

हे पत्र गजेंद्र घेऊन येतोय. पाकीट नीट चिकटवलं आहे, वर टेप लावली आहे. तो फोडणार नाही, तसा तो नाही. वाचलंस की त्याला आत बोलाव आणि बसव.

तो मागच्या शुक्रवारी माझ्याकडे आला. दारातच रडायला लागला. त्याचा चुलतभाऊ त्याच टगवर होता, हे तुला मी सांगायला नको. म्हणाला, “कृष्णकांतभाऊ, नसीबाभाभींनी माझ्या आईला फोनवर काय काय ऐकवलं. तुझ्या पोराने आमचं घर बुडवलं म्हणाल्या. मी कुणाला काय सांगितलं? मला आधी सोडलं ते माझी शुगर वाढली म्हणून. मी तिथे चक्कर येऊन पडलो होतो.” आई बाजारात गेली की तुमच्या मोहल्ल्यातल्या बायका तोंड फिरवतात, असं सांगत होता. जयवंती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिने त्याला पाणी दिलं, मला दिलं नाही.

मुस्तफा, गजेंद्रने काही सांगितलं नाही. मी सांगितलं.

लिहून झालं. आता बाकीचं लिहितो.

तू चहा पिऊन गेलास आणि माझी पाचावर धारण बसली. वीस नावांखाली माझी सही होती. मनालीची शाळा, माझी नोकरी, व्हिसा, गावच्या घराचं अर्धवट छप्पर, सगळं त्या सहीखाली दिसायला लागलं. संध्याकाळी मी मदिनत सुलतान काबूसला गेलो, मंडळाच्या अध्यक्षांच्या घरी. चंद्रशेखररावांचं घर तू पाहिलं नाहीस. पांढरा सोफा आहे, बसताना आपली पँट स्वच्छ आहे ना हे बघावं लागतं. मुलाला हाक मारून त्यांनी माझ्यासाठी बिस्किटं मागवली. मी मनात ठरवून गेलो होतो की फक्त एवढंच सांगायचं, या सातजणांना शेवटच्या रांगेत बसवा. उभे राहिले तरी स्टेजवरून दिसणार नाहीत. तुझंही होईल, माझंही निभावेल.

ते म्हणाले, का, शेवटच्या रांगेत का?

तिथे मी म्हणायला हवं होतं की ते गप्प उभे राहणार आहेत, त्यांतल्या एकाचा मुलगा गेला आहे. एवढं वाक्य. ते तोंडातून निघालं नाही. मी म्हणालो, “थोडी गडबड होण्याची शक्यता आहे, साहेब. खिशात काहीतरी आणतील.” मी असं का म्हणालो? गप्प उभं राहणार म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग तुम्ही त्यांची हमी घेतलीत कशी? गडबड म्हटल्यावर मी सावध माणूस ठरलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “कृष्णकांत, तुम्ही वेळेवर सांगितलंत. आपण इथे पाहुणे आहोत.” मला बरं वाटलं, मुस्तफा. टॅक्सीत बसल्यावर मला खरोखर हलकं वाटत होतं.

दारावर तुम्हाला बाजूला घेतलं तेव्हा मी पाच-सहा हातांवर उभा होतो. तू माझ्याकडे पाहिलंस. माझ्याकडे मदतीला म्हणून पाहिलंस, संशयाने नाही. मी गळ्यातला बिल्ला सरळ करत आत गेलो. आत मंत्र्यांचं भाषण झालं, मी टाळ्या वाजवल्या. ते म्हणाले परदेशातली आपली माणसं ही आपली शान आहे. मी जोरात टाळ्या वाजवल्या.

आणि डिसेंबरच्या पत्रात गजेंद्रचं नाव घातलं. नाव घेत नाही असं म्हणून घातलं. मी इतका नीच असेन असं मला वाटलं नव्हतं.

तू काय करायचं ते कर. गजेंद्रच्या आईकडे मात्र कुणाला तरी आजच पाठव.

कृष्णकांत


दार्सैत
३० मार्च

मुस्तफा,

तुझा निरोप पोचला. नसीबाभाभींनी जयवंतीला फोन केला आणि फोन स्पीकरवर ठेवायला सांगितला. म्हणजे मी ऐकणार हे त्यांना ठाऊक होतं. शिव्या येतील म्हणून मी मान खाली घालून बसलो. भाभी एवढंच म्हणाल्या, “त्यांनी विचारलंय, हे जे आम्हाला लिहिलं तेच वकिलाला लिहून देणार काय?”

मी हो म्हणालो. मोठ्याने म्हणालो. याला आता तीन आठवडे झाले.

तीनदा लिहिला कागद. पहिला मराठीत, मग वकिलासाठी इंग्रजीत दोनदा. लिहिताना हात चालतो. सही करायची वेळ आली की वाटतं, आधी चंद्रशेखररावांच्या कानावर घालावं, त्यांना परस्पर कळायला नको. गेल्या आठवड्यात समितीची बैठक होती. मी घरून ठरवून गेलो. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाचं झालं, स्पीकरवाल्याचं झालं, शेवटी त्यांनी विचारलं, आणखी कुणाचा काही विषय? मी हात वर करायला लागलो. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, त्या टगवाल्यांचं काय झालं हो? चंद्रशेखरराव म्हणाले, “ते प्रकरण खलास. आपल्या मंडळाचा त्याच्याशी संबंध नाही. पुढच्या भेटीला आपल्याला पास मिळायला हवेत ना?” सगळे हसले. मी उचललेल्या हाताने डोकं खाजवलं.

ते काही दुष्ट नाहीत, मुस्तफा. हेच मला कळत नाही. कुणीच दुष्ट नाही. पोलिसांनी तुमच्यावर बोट उचललं नाही, हे तूच सुटलेल्यांबरोबर सांगून पाठवलं होतंस. ऑफिसातला तो ओमानी कारकून, तुझं नाव काढलं की त्याचा चेहरा उतरतो. म्हणतो, तो कापडवाला चांगला माणूस होता. सगळे चांगले, आणि तू दाभोळला.

मनालीला मी सगळं सांगितलं. सांगावं लागलं, तिने आईकडून अर्धं काढून घेतलंच होतं. ती म्हणाली, “मग बाबा, तुम्ही जे ऐकला ते फक्त लिहायचा आहे ना? That’s all?” मी म्हटलं, तुझी बारावी आहे पुढच्या वर्षी, माझं नाव त्या फाइलमध्ये गेलं आणि व्हिसा अडकला तर? ती म्हणाली, “मग माझं नाव नको घेऊ त्यात.” आणि खोलीत गेली. पोरीने मला एकेरीत म्हटलं. मराठी येत नाही म्हणून म्हटलं की ठरवून म्हटलं, हे विचारायचं धाडस झालं नाही.

सोमवारी देतो कागद. नक्की देतो.

कृष्णकांत


दार्सैत
११ मे

मुस्तफा,

हे पत्र कुणाच्या हाती देणार ते ठरलेलं नाही. टपालात टाकीन बहुतेक. फुटलं तर फुटू दे.

त्या सोमवारी मी कागद दिला नाही. पुढच्याही नाही. टगचा सांगाडा वर काढल्याची बातमी आली त्या दुपारी मी रुवीला धावलो आणि वकिलाच्या टेबलावर बसून वीस मिनिटांत सगळं लिहिलं. सही केली. जे चार महिने जमलं नाही ते वीस मिनिटांचं काम होतं. वकिलाने वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाला, “ऐसे अर्ज को तीन-चार महिना लगता है, भाईसाब. जनवरी में मिला होता तो अभी हाथ में होता.” त्याने रागाने म्हटलं नाही. मी विचारलं, काहीतरी करता येईल का, बापाला एका दिवसासाठी. तो म्हणाला, मी लिहितो. त्याने लिहिलं. उत्तर अजून आलेलं नाही.

टग का काढली ते तुला कळलं असेल. बंदराकडे येणाऱ्या मोठ्या जहाजांच्या वाटेत ती येत होती. तुझ्या अर्जांमुळे नाही, फितींमुळे नाही, कुणाला दया आली म्हणूनही नाही. आत दोघे मिळाले. तू रत्नागिरीला जाऊन रक्त दिलंस त्यावरून एक रेहान ठरला. दुसरा गजेंद्रचा भाऊ नाही, त्या भावाचा पत्ता अजूनही नाही.

भाभींनी सांगितलं की खोक्यात घालून विमानाने पाठवू नका, तिथेच माती द्या, दहा महिने पाण्यात राहिला, आता उशीर नको. तुमच्या गावची दहा-बारा माणसं दोन गाड्या करून आली. मी त्यांच्याबरोबर सूर गावाला गेलो. कुणी मला नको म्हटलं नाही. गाडीत माझ्याशी कुणी बोललंही नाही. गजेंद्र शेजारी बसला होता, त्याने पाण्याची बाटली पुढे केली.

कबरस्तान गावाबाहेर आहे. मागे डोंगर, पुढे समुद्राचा पट्टा दिसतो. उघडं, खडकाळ, झाड नाही. दवाखान्याच्या गाडीबरोबर कागदपत्रांसाठी पोलिसांची एक गाडी आली होती. दोन तरुण पोरं, फाटकापाशी गाडीच्या सावलीत उभी. नमाज झाली. मी मागे उभा राहिलो. कफनात फार काही नव्हतं, मुस्तफा, तुझ्यापासून लपवत नाही. उतरवायला दोन माणसं पुरली. तुझ्या वतीने मी तीन मुठी माती घातली. कुणीतरी मला घालायला सांगितलं, मी घातली.

सगळे मागे सरले तेव्हा मशिदीतला म्हातारा ओमानी माझ्यापाशी आला. तिथल्या जुन्या माणसांना आपलं हिंदी येतं. म्हणाला, “बाप किधर?”

मी म्हटलं, “आया नहीं. इंडिया में है.”

“तुम बाप का दोस्त?”

मी मान हलवली.

“तो तुम बोलो उसको. बाप का बात बोलो. उसका ज़बान में बोलो, वो समझेगा.” आणि मला मोकळीक म्हणून तो लांब जाऊन उभा राहिला.

काय बोलायचं ते मला माहीत होतं. आदल्या दिवशीच भाभींचा फोन आला होता. तुझा निरोप त्यांनी जयवंतीकडून कागदावर उतरवून घेतला होता आणि मला पाठ होता. रेहानला मोठ्याने सांगा, अब्बा येणार होते, त्यांना येऊ दिलं नाही. एवढाच. तू माझ्यासाठी म्हणून काही मागितलं नाहीस, दटावलं नाहीस, इतक्या महिन्यांत हे एक काम सांगितलंस.

मी कबरीपाशी खाली बसलो. म्हणालो, “रेहान, बाळा, कृष्णाकाका आहे. अब्बा येणार होते.”

आणि माझी नजर फाटकाकडे गेली. ती दोन पोरं तिथेच होती. एकाने टोपी काढून हातात धरली होती, तुझ्या मुलासाठी काढली होती. दुसरा जमिनीकडे बघत होता. त्यांना मराठीतलं एक अक्षर कळलं नसतं. ओरडून सांगितलं असतं तरी कळलं नसतं. त्यांनी मला अडवलं नसतं, कुणीच अडवलं नसतं, म्हातारा तर मला बोल बोल म्हणत होता. दोन-तीन शब्द राहिले होते. माझी जीभ हलली नाही. मी तोंड उघडून तसाच बसून राहिलो. मग गजेंद्रने दंडाला धरून मला उठवलं, यल्ला, चला म्हणाला, आणि आम्ही गाडीत बसलो.

तेव्हा तुझा निरोप त्याला अर्धाच पोचला आहे. अब्बा येणार होते एवढंच त्याने ऐकलंय. येऊ दिलं नाही हे त्याला माहीत नाही. तू येणार होतास आणि आला नाहीस असं समजून तो तिथे पडलाय, आणि हे मी केलं आहे.

कृष्णकांत